आवाजाची मालकी

घशाच्या ऑपरेशननंतर दिनकररावांच्या गळ्यात बसवलेलं यंत्र टेलिफोन कंपनीच्या नेटवर्कवर चालायचं आणि हुबेहूब त्यांच्याच आवाजात बोलायचं. पुढे ती कंपनी दुसरीने विकत घेतली, दुसरी तिसरीने गिळली, आणि एका सकाळी चहा मागता मागता दिनकररावांचा आवाज बंद पडला.

त्यांची बायको कुमुदिनी ऑफिसांचे उंबरे झिजवू लागली. "नेटवर्क आमचं, पण आवाज जुन्या कंपनीकडे," असं उत्तर मिळालं. जुन्या कंपनीच्या पत्त्यावर आता मिठाईचं दुकान होतं. शेवटी तिने वकील गाठला. वर्षभर खपून त्याने मालकीचा गुंता सोडवला आणि नवरा-बायकोला बोलावून घेतलं.

"आवाज नव्या कंपनीचाच ठरला, ताई," तो खाली बघत म्हणाला. "पण यंत्र चालू ठेवायला ती कंपनी बांधील नाही."

कुमुदिनीने तिथूनच कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला.

"नमस्कार. बोला, काय अडचण आहे आपली?" पलीकडून दिनकररावांचाच आवाज आला.

तिने फोन नवऱ्याच्या कानाला लावला. दिनकररावांनी ऐकलं. सवयीने त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला.