अर्धा वेढा

नातीच्या पिशवीत व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, पोलादी टाकी सापडली, तेव्हा श्रीपादरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळण्यात त्यांची तीस वर्षे सरली होती. ही बंदी असलेली वस्तू कोणीतरी हाताने जुळवून दिली आहे, हे त्यांनी पाहताक्षणी ताडले.

"देवयानी, कोण भरून देतं तुला हे विष? नाव सांग. आत्ता पोलिसांत देतो त्याला!"

"आजोबा, सोड ना! परत नाही ओढणार. प्रॉमिस."

"नाव!"

श्रीपादरावांनी चष्मा पुसून टाकी उघडली. आत जळका कापूस होता आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचे सहा वेढे, एकमेकांना खेटून, डाव्या हाताने घातलेले. तार सुटू नये म्हणून शेवटी अर्धा वेढा मागे दुमडला होता. तो अर्धा वेढा ही त्यांचीच युक्ती. कारखान्यात त्यांनी ती एकाच डावखुऱ्या मुलीला शिकवली होती आणि पुढे तिच्याशीच लग्न केले होते.

इतक्यात सरोजताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि टाकी पाहून म्हणाल्या, "पुन्हा गळतंय का गं देवू, तुझं सर्दीचं यंत्र? आण इकडे, या खेपेला कापूस जरा जास्त भरते."