खांद्यातली चीर

एकविसाव्या वर्षी योर्दानीसमोर अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबने आठ वर्षांचा करार ठेवला. अमेरिकेजवळच्या एका बेटावरच्या बानी गावातल्या, वेगवान चेंडू टाकणाऱ्या या पिचरला आणखी दोन वर्षं थांबून तिप्पट पैसे मिळवायचे होते, म्हणून तो सही करेना.

मग, त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून, क्लबच्या डॉक्टरांचा रिपोर्ट नार्सिसोमामाने त्याला वाचून दाखवला. "खांद्यात बारीक चीर आहे रे. तरीही ते आठ वर्षं देतायत. उद्या विचार बदलला तर?"

योर्दानीने सही केली. पुढची सहा वर्षं त्याने प्रत्येक चेंडू जीव मुठीत धरून टाकला. त्याच्याहून कच्चे पिचर तिप्पट कमवू लागले, तरी मामाने वाचवलं म्हणून तो गप्प राहिला.

यंदा क्लबच्या नव्या डॉक्टरने तो जुना रिपोर्ट पाहिला आणि सहज म्हणाला, "तुझा खांदा तेव्हाही ठणठणीतच होता की!"

योर्दानी मिळेल त्या विमानाने बानीला आला. आई त्याच्या कराराच्या पैशांतून बांधलेल्या नव्या घराच्या ओट्याशी केळी तळत होती.

"आई, मामाने मला फसवलं! आता त्याला सोडणार नाही मी."

आईने गॅस बंद केला.



"त्याला काही बोलू नकोस, बाळा. तसं वाचायला मीच सांगितलं होतं."