रिमोटची डबी

"सहा आहेत," तिने डब्या टेबलावर मांडल्या. "मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, बाकीच्या पेशंटनाही हव्यात म्हणून. आता नको म्हणायचं नाही."

दवाखान्यात पेशंटचं यंत्र तपासणाऱ्या मॅडमनी एक डबी उघडून पाहिली. बाहेरून जाड कातडं, आतून स्पंज, वर टणक झाकण आणि त्याला टिचबटण. आत रिमोट ठेवला की वर कुणी बसलं तरी बटण दाबलं जाणार नाही. बॅगदुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षं चेन बदलणाऱ्या बाईचा हात होता तो. एक टाका वाकडा नव्हता.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "तीन महिने झाले, एकदाही काही घोटाळा नाही."

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा हसत बसला होता. त्यांना सगळे भोंगासाहेब म्हणत. हे नाव बसस्थानकावर पडलेलं. तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा त्यांनी केल्या, आणि माइक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकली नाही, असं तिथली माणसं अजून सांगतात. लग्नाला होकार आपण चेहरा बघून दिलेला नाही, हेही ती कुणापासून लपवत नसे.

मग कंपवाताने गाठलं. कप ओठांपर्यंत पोचेना, शर्टाची बटणं तिला लावावी लागत. डॉक्टरांनी डोक्यात बारीक तारा घातल्या, छातीवर कातडीखाली बॅटरी बसवली आणि यंत्र चालू-बंद करायला एक छोटा रिमोट दिला. यंत्र चालू असेपर्यंत हात शहाण्यासारखे वागत. बोलणं मात्र जड झालं. काही जणांचं तसं होतं, पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. भोंगासाहेबांची तक्रार नव्हती. "भोंगा गेला, हात आले. मी फायद्यातच आहे," ते म्हणत.

एकदा रिमोट किल्ल्यांबरोबर पँटच्या खिशात राहिला. जिना उतरताना बटण दाबलं गेलं, यंत्र बंद पडलं आणि हातापायांनी एकदमच दगा दिला. कपाळाला सात टाके पडले. दुकान सोडायचं आणि घरी बसून या माणसाची राखण करायची, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. ते ऐकेनात. "माझ्यापायी तू घरात अडकणार असशील तर मला ते टाके बरे," म्हणाले. आता आणखी एकदा पडले तर मात्र ती त्यांचं ऐकणार नव्हती.

तेव्हा मॅडमनी रिमोटला कुलूप घातलं. दोन बटणं एकदम, तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय काही होणार नाही असं. तिने डबी शिवून मॅडमना दाखवली. आणि दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसा तिसरा बंदोबस्तही केला. रोज चार वाजता दुकानातून घरी फोन.

पहिल्याच दिवशी त्या फोनने घात केला. पलीकडून काहीतरी घोगरं, चिकट ऐकू आलं. "काय म्हणालात?" तिने तीनदा विचारलं, आणि गिऱ्हाईक तसंच सोडून पळत घरी गेली. भोंगासाहेब आरामात पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र आवाज कसा खणखणीत. "प्रवासी सुखरूप आहे, काळजी नसावी," ते घोषणेच्या थाटात सांगत आणि तिचा जीव भांड्यात पडे. संध्याकाळी ती घरी पोचेपर्यंत बोलणं पुन्हा जड झालेलं असे. दिवसभराने माणूस थकणारच.

"काका, जरा बाहेर चालून दाखवता?" मॅडम म्हणाल्या. "सिस्टर आहेत बरोबर."

"हिच्या डब्यांचं कौतुक करून ठेवा," भोंगासाहेब जड जिभेने म्हणाले. "घरी जेवायला मिळायला हवं मला." ते उठून बाहेर गेले.

काचेच्या दारातून ती त्यांच्याकडे बघत राहिली. पावलं अगदी सरळ पडत होती. तिला फार बरं वाटलं. "कोपर तेवढं काळंनिळं झालंय," ती म्हणाली. "दारावर आपटले म्हणे. धांदरटपणा काही यंत्राने जात नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्या स्क्रीनवर यंत्राच्या नोंदी बघत होत्या.

"ताई, डबी घरी कोण उघडतं?"

"तेच. का हो?"

"यंत्र रोज बंद होतंय. तीन महिन्यांत पंच्याहत्तर वेळा."

तिने टेबलावरची एक डबी उचलली. "डबीत काही कमी राहिलं का? झाकण अजून टणक करते. आजच करते."

"डबीचा दोष नाही. दोन बटणं तीन सेकंद चुकून दाबली जात नाहीत. काका मुद्दाम बंद करतात, आणि दहा-बारा मिनिटांनी परत चालू. तेवढ्यात तोल गेला तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंय."

"पण का? हात इतके छान चाललेत."

"बंद केलं की हात थरथरतात, पण कुणाकुणाची जीभ तेवढ्यापुरती मोकळी होते." मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "रविवारी एकदाही नाही. बाकी रोज एकच वेळ, चारला पाच कमी. त्या वेळी घरी कुणी येतं का, त्यांच्याशी बोलायला?"

तिने स्क्रीनवरच्या वेळांवरून बोट फिरवलं.

"येत नाही कुणी," ती म्हणाली. "चारला मी फोन करते. रिमोट चुकून दाबला गेला नाही ना, विचारायला."