कर्टच्या खोलीतली जाळी

तळघरात, घर तापवणाऱ्या पण अजून न पेटलेल्या फर्नेसपुढे, नॉर्व्हल आणि आर्डिस उभे होते. त्यांच्या मुलाचे, कर्टचे, नाव अमेरिकेतल्या थंडगार मिनेसोटातल्या त्या घरात सहसा निघत नसे. दर ऑक्टोबरला फर्नेसचा हवेचा फिल्टर बदलून झाला की नॉर्व्हल बायकोला ठणकावून सांगे, "तुझ्या भांडखोर लेकाच्या खोलीतली गरम हवेची जाळी बंद केलीय. रिकामी खोली तापवायला मी काही वेडा नाही." मग आर्डिस चोरपावलांनी वर जाई आणि दिवा न लावताच, ती उघडायची म्हणून, त्या जाळीची कळ फिरवून येई.

तरीही, तीन वर्षांपूर्वी कर्ट नाताळाला न कळवता आला, तेव्हा खोली बर्फासारखी गार होती. "बाबांना मी नकोय, कळलं मला," एवढे म्हणून तो सकाळी गेला, तो गेलाच.

"यंदा गुडघे जिना चढू देत नाहीत," आर्डिस अखेर थकून म्हणाली. "दर वर्षी तुझ्यामागून कळ मी फिरवायचे. आता तूच उघड. पुरे झाला हट्ट."

नॉर्व्हल जुन्या फिल्टरवरची धूळ पाहत राहिला. "मी ती दर वर्षी उघडूनच ठेवायचो, आर्डिस. बंद केली, हे नुसतं तोंडाने म्हणायचो."



"म्हणजे त्या रात्री ती... मी बंद केली होती?"

नॉर्व्हल जाळी उघडायला जिना चढून गेला.