पाव तास आधीचं कनेक्शन

शेजारच्या पेंढारकरांनी फायबर घेतलं, तेव्हा सांगलीच्या दत्तोपंतांकडे अजून तांब्याची तारच होती. पडद्यावर मुलीचं तोंड हलायचं आणि आवाज मागून रखडत यायचा. पेंढारकर हसले, म्हणून दत्तोपंतांनी इरेला पेटून बाजारातलं सगळ्यांत वेगवान कनेक्शन घेतलं. टोरांटोची लेक शाल्मली पाव तासानं जे बोलणार, ते त्यावर आत्ताच ऐकू येई.

"पेंढारकर बसलेत अजून हॅलो-हॅलो करत!" असं म्हणत दत्तोपंत मांडीवर थाप मारत. त्यांच्या पत्नी मालिनीबाईंना मात्र ती भुताटकीच वाटे.

त्या सकाळी पडदा उजळला, तर शाल्मली रडत होती.

"आई, एकटीच आहेस का गं? पेंढारकरकाकूंना बोलावून घे."

"एकटी कशानं? हे काय, बाबा बसलेत की शेजारी," मालिनीबाई म्हणाल्या आणि बोलता बोलताच त्यांची नजर घड्याळाकडे गेली. त्यांनी चटकन नवऱ्याचा हात धरला. "अहो, कुठं जाऊ नका. जिना नको, गच्ची नको. इथंच बसा."

"अगं, चहा तरी पिऊ देशील?" दत्तोपंत हसले, पण जागचे हलले नाहीत.

शाल्मलीनं डोळे पुसले. "शेवटपर्यंत तू बाबांचा हात धरून होतीस ना, आई, तेवढंच समाधान."

विस्तवाला लागल्यासारखा मालिनीबाईंनी हात मागं ओढला. तो सुटेना. आता दत्तोपंतांनीच तो घट्ट धरला होता.