नळीवरचा गंज

"तू बंदुकीला हात लावलास," नवरा म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे.

जेवणाच्या टेबलावर जुने ब्लँकेट पसरून त्यावर त्याची शिकारीची रायफल ठेवलेली होती. नळीच्या तोंडापासून वीतभर मागे, निळसर काळ्या पोलादावर तांबूस डाग उमटले होते.

"कपाटाची चावी तुमच्याच खिशात असते," ती म्हणाली.

"म्हणजे डाग मी पाडले? माझे हात कोरडे ठणठणीत. या घरात खारट हात कोणाचे, ते सुयांनाही माहीत आहे."

एवढे मात्र खोटे नव्हते. तिच्या घामातच काहीतरी होते. सुई, कात्री, सुरी, जे पोलाद ती हाताळी आणि पुसायला विसरे, त्यावर चार दिवसांत तिची बोटे तांबडी होऊन उमटत. लग्नात येताना माहेरून गंज तेवढा घेऊन आली, असे नवरा पाहुण्यांना सांगे, आणि पाहुणे हसत. तिच्या धाकट्या भावाचीही तीच तऱ्हा. तो कारखान्यात लेथवर लागला आणि त्याने धरलेली मोजमापाची हत्यारे लाल पडू लागली. तेव्हा फोरमनने विचारले होते, "बाबा रे, तुझ्या अंगात रक्त आहे की समुद्र?" त्या दिवसापासून सगळे त्याला मिठागर म्हणत. तीही कौतुकाने म्हणे. अलीकडे मात्र ती त्याचे नावच काढत नसे.

हिवाळ्यात तो तिला कायमची घेऊन जायला आला होता. दारातूनच म्हणाला, "ताई, बॅग भर. बास झालं हे." नवरा नुसता हसला. "आधी माझ्याबरोबर रानात चला मेहुणेबुवा. डोकं थंड होईल, मग बसून बोलू." दोघे गेले आणि नवरा एकटाच परतला.

"गाडीत बसवून दिलं त्याला," तो म्हणाला. "जहाजावर काम मिळतंय म्हणे. मिठागर, समुद्राकडेच जायचं. तुला निरोप आहे: ताईचं ताईनं निस्तरावं."

तो निरोप तिने गिळला, पण पचला नाही. त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. आईलाही नाही. पाठचा भाऊ म्हणायचे आणि त्याने अशी पाठ फिरवायची. नवऱ्याचे टोमणे तिला सवयीने बोथट झाले होते. हा घाव मात्र ताजाच होता.

आता आईने अंथरूण धरले होते. काल शेजारणीचा फोन आला, "येऊन जा, उशीर करू नकोस." दुपारची गाडी गाठायची, तर नवऱ्याने हो म्हणायला हवे होते.

"जा की," तो म्हणाला. "मी कुठं अडवलंय? डाग काढ आणि जा. फक्त आधी कबूल कर."

"मी नाही लावला हात."

"मग उद्याही गाडी असते. आई असेल की नाही, ते मला सांगता येणार नाही."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाली, "लावला. चुकलं माझं."

"शाबास. घे खुर्ची."

तो खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसला. आयुष्यभर तांत्रिक विद्यालयात शिकवलेला माणूस. घरातही त्याचा तास कधी संपत नसे.

"आधी तेल सोड. मुरू दे. मग ती बारीक स्टील वूल घे आणि नळीच्या लांबीनं फिरव. जोर नको, जोर केलास तर मुलामा निघेल. गंज काढायचा, पोलाद नव्हे."

तिने तेल सोडले. एरवी तो आपल्या बंदुकीला दुसऱ्याचे बोट लागू देत नसे. रानातून आला की पाणी पिण्याआधी नळीतून गज फिरवून चिंध्या काढी, मग बाहेरून तेलाचा हात देई, आणि मगच बूट सोडी.

"हिवाळ्यातल्या त्या खेपेला तुम्ही पुसलीच नव्हती," ती सहज म्हणाली. "गवसणीसकट कपाटात टाकलीत. कापडानं ओल धरली असेल."

"ताप होता मला," तो वर्तमानपत्राआडून म्हणाला. "बोलण्यानं गंज निघत नाही."

ती घासू लागली. तेल विटकरी झाले. एक डाग गेला, दुसरा गेला. प्रत्येक डागाबरोबर ती मनातल्या मनात भावाला बोल लावत होती. तू असतास तर आज मला न केलेला गुन्हा कबूल करावा लागला नसता. नळीच्या खालच्या अंगाचे चारही डाग निघाले आणि पोलाद पुन्हा काळेभोर चमकू लागले. वरच्या अंगाला एकच उरला होता, लांबट, एका टोकाला गोलसर निमुळता.

खोटी कबुली दिलेल्या माणसाला एक खोड लागते: आपण ते केले असते तर कसे केले असते, हे तो करून बघतो. ती दस्त्याच्या बाजूला उभी राहिली, हात लांब करून तिने नळी धरली आणि अंगठा त्या डागावर टेकवला. तो बसेना. तिच्या अंगठ्याचे टोक नळीच्या तोंडाकडे होते, डागाचे दस्त्याकडे.

ती टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. नळीचे तोंड आता तिच्या छातीशी आले. तिने समोरून नळी धरली. अंगठा डागावर अलगद बसला, फक्त डाग तिच्या अंगठ्याहून पेरभर लांब होता. बाकीची चार बोटे आपसूक खाली गेली आणि तिने नुकत्याच घासून लख्ख केलेल्या जागांवर एकेक करून टेकली.

वर्तमानपत्र खाली आले होते. नवरा तिच्याकडेच पाहत होता.

"तोही पूस," तो म्हणाला. "गाडी चुकेल."