मृण्मयीचा बंदोबस्त

फवारणीची गाडी गल्लीत शिरली. "मृण्मयी दिसली की ठेचा," असं भोंग्यावरून सांगत ती पुढे गेली. जीवाश्मतज्ज्ञ डॉ. हेमलता बोरकुटे यांनी खिडकी लावून घेतली.

समोर बसलेला कृषी अधिकारी अवघडला. "मॅडम, हे नाव तुम्हीच दिलं होतं ना?"

"हो. माझ्या मुलीचं. ती गेली त्याच वर्षी हा भुंगेरा मला दगडात सापडला."

सापडली होती फक्त त्याच्या पंखांवरची दोन कवचं. तेवढ्यावरून हेमलताबाईंनी नवी प्रजाती नोंदवली. पुढे एका प्रयोगशाळेने त्या अवशेषांतून जिवंत भुंगेरे घडवले. ते निसटले आणि संत्र्याच्या बागा ओरबाडून खाऊ लागले.

"औषध कवचावरून ओघळून जातं," अधिकारी म्हणाला. "त्या कवचांची माहिती तुमच्याइतकी कुणालाच नाही."

बाईंनी दगड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कवचं जुळतात तिथे, मुळाशी, एक बारीक फट होती. तीच या प्रजातीची खूण.

"इथून औषध आत जाईल," त्या म्हणाल्या.

"उपकार झाले. डब्यावर 'मृण्मयीनाशक' छापलं तर चालेल?"

बाईंनी दगड सूक्ष्मदर्शकाखालून काढून घेतला.

"नाव आता बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त शुद्ध छापा. तिच्या शाळेतही सगळे चुकीचंच लिहायचे."